वस्तऱ्याखालचे अभिप्राय

माझ्या मिशीची डावी बाजू गेली ती पूर्णपणे माझ्याच चुकीने गेली, हे आधीच कबूल करून टाकतो. मास्तरांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. बावीस वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली मान देत आलोय आणि बावीस वर्षांत माझ्या कानाच्या पाळीलाही कधी धक्का लागला नाही. त्या शनिवारी सकाळी मात्र गालभर फेस आणि वरच्या ओठाशी वस्तरा अशा अवस्थेत मास्तरांनी मला प्रश्न विचारला.

"कसं वाटतंय?"

प्रश्न दाढीबद्दलचा नव्हता. कोपऱ्यातल्या फळीवरच्या स्पीकरवर गाणं लागलं होतं, त्याबद्दलचा होता. बोलावं तर तोंडात फेस जाणार. गप्प बसावं तर मास्तरांना वाईट वाटणार. तेव्हा मी सभ्य माणसासारखी मान डोलावली. छान आहे, फारच छान आहे, अशा अर्थाने, वरून खाली, दोनदा. पहिल्या वेळी मास्तरांनी हात वाचवला. दुसरी त्यांना अपेक्षित नव्हती.

आरशात पाहिलं तर उजवीकडे मी होतो आणि डावीकडे माझा कुणीतरी चुलतभाऊ.

मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी वस्तरा पुसला, ड्रॉवरमधून एक निळी वही काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि शांतपणे लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं : 'क्र. ६३. चौथं गाणं. मान डोलावली. खूश.'

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसरी पण काढू?"

काढावी लागली. एका बाजूची मिशी ठेवून हिंडायला जी हिंमत लागते ती आमच्या घराण्यात नाही. घरी गेलो तर बायकोने दार उघडलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ते बाहेर गेलेत, अर्ध्या तासाने या." ती थट्टा करत होती हे कळायला मला जिन्याच्या चार पायऱ्या उतरून जावं लागलं.

मास्तर कधी शाळेत शिकवायला नव्हते. शिकायलाही फारसे नव्हते, असं तेच सांगतात. त्यांना मास्तर म्हणतात ते त्यांच्या 'मान खाली'मुळे. त्या दोन शब्दांपुढे न्यायाधीश वाकतो, बँकेचा मॅनेजर वाकतो, आमच्या पाणी खात्याचे साहेब वाकतात, जे एरवी कुणाचं ऐकत नाहीत. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब "आपण मस्तकं लववू या" म्हणतात तेव्हा निम्मे लोक डोळे किलकिले करून घड्याळ बघत असतात. मास्तरांकडे ती पळवाट नाही. वाकलेली मान ते दोन बोटांनी आणखी इंचभर वाकवतात.

दुकानात दोन खुर्च्या. दुसरी वर्तमानपत्रं ठेवायला. पहिली गिऱ्हाइकाची, आणि तिला एक खोड आहे. दांडा दाबून ती वर चढवली की टिकत नाही, हळूहळू खाली येत राहते. केस कापायला बसताना तुम्ही मास्तरांच्या खांद्याला असता, उठताना कमरेला. तुम्ही जसजसे खाली जाता तसतसे मास्तर गुडघ्यात वाकतात. "खुर्ची दुरुस्त करा की," असं मी एकदा म्हटलं होतं. तर "हं" म्हणाले.

हे 'हं' समजून घेतल्याशिवाय मास्तर समजायचे नाहीत. सलूनवाला म्हटला की तोंडाची टकळी चालू, असा लोकांचा समज. न बोलणारा सलूनवाला म्हणजे न गळणारा नळ. मी पाणी खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसतो, तेव्हा खात्रीने सांगतो, असा नळ असतो, पण दुर्मीळ. मास्तरांकडे तीन 'हं' आहेत. आखूड 'हं' म्हणजे ऐकलं. लांब 'हं' म्हणजे तुम्ही मूर्खपणा करताय. आणि एक नाकातून निघतो; तुम्ही दुसरीकडे केस कापून आलात की मानेवरून बोट फिरवताना तो येतो. त्यानंतर माणूस परत दुसरीकडे जात नाही. या तीन 'हं'वर मास्तरांचा संसार, धंदा आणि समाजकार्य चाललेलं आहे.

अशा माणसाने "कसं वाटतंय?" हे पूर्ण वाक्य उच्चारलं त्याला कारण होती लेक.

मास्तरांची लेक हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त घेते. म्हणजे बाप म्हणतो "मान सरळ", लेक म्हणते "मूठ आवळा". दोघांचंही पोट समोरचा हलला नाही तरच भरतं. उरलेल्या वेळात ती गिटार वाजवते आणि गाते. चर्चमधली आणखी तीन तरुण माणसं जमवून तिने एक बँड काढलाय. नाव 'दोन मासे'. पाच भाकरी आणि दोन मासे यांत हजारो लोक जेवले त्या गोष्टीवरून. चार जणांच्या बँडचं नाव दोन मासे कसं, असं मी विचारलं होतं. "भाकरी ड्रमवाल्याने खाल्ल्या, काका," असं ती म्हणाली. ड्रमवाल्याला पाहिल्यावर मी पुढे काही विचारलं नाही.

गाणी सगळी देवाची, पण चाली अशा की बसल्या जागी पाय हलावा. वर्षभर दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत त्यांचा सराव चाले. आणि यंदा त्यांचा पहिला अल्बम निघाला. दहा गाणी. नाव 'पुरेल सगळ्यांना'. ते खरंच आहे. ड्रम निदान तीन गल्ल्यांना पुरतो.

घोडं अडलं होतं तिथेच. चर्चच्या पाच पंचांपैकी तिघांचं म्हणणं, असल्या दणदणाटात देव येत असेल तर तो खिडकीतून जातही असेल. शिवणवर्गाच्या बायकांना तीच खोली रोज हवी होती. पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. म्हणाले, आपले कान जुने झाले, लोकांना विचारू. अल्बम ऐकणाऱ्यांचे अभिप्राय गोळा करा, महिन्याभराने रविवारच्या उपासनेनंतर पंच बसतील, वाचतील आणि खोली कुणाला ते ठरवतील. खोली गेली की बँड गेला. चौघांत एकाच्याही घरी ड्रम मावत नव्हता. ड्रमवाला स्वतः दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर राहतो, आणि खाली कुणाच्या तरी दाढेत सुई असताना वर काठी पडली की काय होतं हे त्या डॉक्टरने एकदा जिन्यात उभं राहून सविस्तर सांगितलं होतं.

अभिप्राय गोळा करायचं काम मास्तरांनी न सांगता अंगावर घेतलं. दिवसाला आठदहा गिऱ्हाइकं (परत आलेल्याचा नंबर एकदाच), जागची हलू शकत नाहीत, कान मोकळे. याहून चांगला श्रोता मिळणार कुठे? सकाळी दुकान उघडलं की अल्बम चालू. दहा गाणी संपली की पुन्हा पहिलं. मधे एका गाण्याला मास्तर नेमके मागच्या नळावर ब्रश धुवायला जात, तेवढाच काय तो गिऱ्हाइकाला विसावा. बाकी वस्तरा गळ्याशी आला की प्रश्न ठरलेला. "कसं वाटतंय?"

आता तुम्हीच सांगा, कोण काय उत्तर देणार?

मिशी गेल्यावर मी रोज ऑफिसातून येताना दुकानात डोकावू लागलो. ती किती आली हे मास्तरांना दाखवायला. मास्तर बोट फिरवून आखूड 'हं' म्हणत. अशाच एका गुरुवारी बाकावर बसून मी ती निळी वही चाळली. एक्याऐंशी अभिप्राय. छान. फार छान. उत्तम. 'अप्रतिम (कानामागे साबण होता).' कुणाची एक ओळ वाकडी नाही. फक्त एक विचित्र गोष्ट दिसली. वही दोन नंबरापासून सुरू होत होती. पहिल्या ओळीत 'क्र. १' एवढंच, पुढे कोरं.

"मास्तर, एक नंबर कोण?"

"हं."

तेवढ्यात पाळकसाहेब आले. उंच, किडकिडीत आणि कुणालाही वाईट बातमी देताना आधी चष्मा पुसणारे. ते चष्मा पुसतच आत आले.

"मास्तर, परवा तुम्ही मागच्या नळावर होता तेव्हा तुमची वही दिसली. मी वाचली."

"हं."

"एवढी एकमुखी स्तुती मी देवाचीसुद्धा ऐकलेली नाही."

मास्तर खुर्चीवरचे केस झटकू लागले.

"त्यात नऊ नंबरला मी आहे," पाळकसाहेब म्हणाले. "'अत्यंत प्रेरणादायी.' मास्तर, मी तेव्हा काय ऐकत होतो ते मला आठवत नाही. तुमचा वस्तरा माझ्या गळ्याच्या घाटीवर होता, एवढं आठवतंय. उपदेश करणारा माणूस मी, आणि खोटं बोललो. पंच माझ्यासारखेच तुमच्याकडे येतात. त्यांना ही वही दाखवली तर ते हसतील, आणि खोली शिवणवर्गाला देऊन मोकळे होतील."

"मग?"

"मग खरं काय ते लिहून आणा. वाईट असलं तर वाईट. रविवारपर्यंत." जाताना दारातून मागे वळून म्हणाले, "माझं नऊ नंबर खोडा. मी अल्बम घरी नीट ऐकतो आणि चिठ्ठी पाठवतो."

ते गेल्यावर मास्तरांनी आरशात स्वतःकडे एकदा पाहिलं. मी वर्तमानपत्र उलटं धरलं. मग त्यांनी वस्तरा मिटला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. कात्री ठेवली. बावीस वर्षांत दिवसाउजेडी तो ड्रॉवर बंद झालेला मी पाहिला नव्हता. नंतर त्यांनी खुर्चीचा दांडा दाबून ती पार वर चढवली, तिच्यात स्वतः बसले, गिऱ्हाइकाचं पांढरं कापड स्वतःच्या गळ्याभोवती घेतलं आणि मागे हात नेऊन स्वतःच चिमटा लावला.

"या," आरशातून मला म्हणाले. "उभे राहा मागे. सांगा."

मी मागे जाऊन उभा राहिलो. हातांचं काय करावं कळेना म्हणून फणी उचलली. समोर मास्तरांची मान. इतकी वर्षं ती मान मी पाहिलीच नव्हती. त्यांनीच माझी पाहिली होती. माणूस आरशातून बघत असला आणि आपल्या हातात फणी असली की अंगात एक वेगळंच धैर्य येतं. तक्रारीच्या खिडकीवर एकोणीस वर्षं दुसऱ्यांची मतं ऐकून घ्यायची आणि स्वतःचं मत चुकूनही द्यायचं नाही, ही माझी नोकरी. ती तेवढ्यापुरती सुटली.

"मास्तर, माझं त्रेसष्ट नंबर खोडा," मी म्हटलं. "मी खोटी मान डोलावली."

"ते मिशीवरून कळलं. पुढे?"

"चौथ्या गाण्यात पोरगी गाते की नाही तेच कळत नाही. ड्रमखाली सापडलीय. शब्द म्हणून ऐकू येतो तो फक्त 'प्रभू', आणि तोही मधल्या मधे कुणीतरी हाक मारल्यासारखा."

खुर्ची जराशी खाली आली.

"पुढे?"

"सहावं गाणं संपत नाही. दोनदा मला वाटलं संपलं. दोनदा मी मनात टाळ्या वाजवल्या."

खुर्ची आणखी खाली. खरं सांगायचं तर तिचं ते रोजचंच होतं, पण माझ्या प्रत्येक वाक्यासरशी मास्तर बोटभर बुटके होताहेत असं दिसत होतं आणि मला भयंकर अपराधी वाटत होतं.

"आणि चांगलं काय?" त्यांनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात की मी फणी खाली ठेवली.

"चांगलंही आहे हो. पहिलं गाणं मी परवा जिना चढताना गुणगुणत होतो. बायको म्हणाली, मिशी गेल्यावर आवाज बरा लागतोय."

मास्तरांनी कापडाखालून हात काढला, वही मागितली आणि सगळं लिहून घेतलं. बायकोचं वाक्यसुद्धा.

शुक्रवार आणि शनिवार दुकानात एकही दाढी झाली नाही. येणारं गिऱ्हाईक दारात थबके. मास्तर खुर्चीत, कापड गुंडाळून, आणि मागे रांग. आधी माणसं बिचकली. मग एका टॅक्सीवाल्याने तोंड उघडलं आणि बांध फुटला. टॅक्सीवाला म्हणाला, गाडीत अल्बम लावला की मागची सवारी आधी खिडकी उघडते आणि तिसऱ्या गाण्याला उतरते, पण आठवं गाणं लागेपर्यंत टिकली तर स्वतःहून विचारते की हे कोण गातंय. निवृत्त पोस्टमन म्हणाला, ड्रमवाल्याला कुठे जायची घाई आहे का? प्रत्येक गाणं तो सुरुवातीला चालतो आणि शेवटी धावतो. एका शिक्षकाने गाण्यांना दहापैकी गुण दिले आणि पाचव्याला पुन्हा परीक्षेला बसवलं. दातांचे डॉक्टर स्वतः आले. मला वाटलं आता संपलं. ते म्हणाले, "वरून ऐकू येत होतं तेव्हा मी शिव्या दिल्या. आता पूर्ण ऐकलं. तो पोरगा वाजवतो बरं. पण माझ्या डोक्यावर नको." हे चांगलं की वाईट, कुठल्या रकान्यात टाकावं, यावर थोडी चर्चा झाली. पाळकसाहेबांची चिठ्ठी आली : 'दोन गाणी प्रेरणादायी. बाकीची मोठी.' मास्तर प्रत्येकाला "पुढे?" एवढंच विचारत आणि लिहीत. खुर्ची तळाला टेकली की उठून दांडा दाबून पुन्हा वर चढत आणि पुन्हा ऐकायला बसत.

शनिवारी दुपारी लेक आली. ड्युटीवरूनच आली होती. बाप खुर्चीत तळाला बसलेला पाहून ती दारातच थांबली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"अभिप्राय," मी बाकावरून म्हटलं.

तिने वही घेतली आणि उभ्याउभ्या वाचायला लागली. वाचताना एकदा हसली, दोनदा ओठ चावला. सहाव्या गाण्यापाशी तर "हे मी त्यांना सांगितलं होतं, सांगितलं होतं!" असं पान थोपटून म्हणाली. शेवटपर्यंत गेली आणि मग परत पहिल्या पानावर आली.

"एक नंबर कोरा का?"

मास्तर उठायला लागले. "ब्रश धुवायचाय."

लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना पुन्हा खाली बसवलं.

"मान सरळ," ती म्हणाली.

दुकानात मला धरून बाकावर तीन माणसं होती. तिघांनीही आपापली वर्तमानपत्रं वर केली आणि कान उघडे ठेवले.

"शंभर लोकांना विचारलंत. मला एकाचंच हवं होतं," ती म्हणाली. "महिना झाला अल्बम येऊन. घरी मी जेवताना वाट बघते. तुम्ही 'हं' म्हणता. त्यातला कुठला 'हं' तेही कळत नाही. आता सांगा. माझ्या हातात काही नाहीये, बघा."

तिने आरशात दोन्ही तळवे दाखवले.

मास्तरांनी घसा खाकरला. बावीस वर्षांत त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं भाषण मी त्या दिवशी ऐकलं, ते जसंच्या तसं देतो.

"ओळ संपताना तुझा दम संपतो. शेवटचा शब्द तू गिळतेस. आधी भरपूर श्वास घे. आणि देवाला ओरडून सांगायला लागत नाही, त्याला ऐकू येतं. हे त्या ड्रमवाल्याला सांग."

"आणि?"

"दहावं गाणं नको होतं. नऊ पुरे."

"बरं. आणि सातवं?"

मास्तर कापडाची सुरकुती सारखी करू लागले. सातवं गाणं म्हणजे फक्त ती आणि गिटार. ड्रमवाला त्यात बहुधा पाणी प्यायला गेलेला असावा.

"सातव्याला मी ब्रश धुवायला जातो," मास्तर म्हणाले.

"का? आवडत नाही?"

"गळ्याशी वस्तरा असतो लोकांच्या," मास्तर म्हणाले. "सातव्याला माझा हात स्थिर राहत नाही."

लेकीने आरशातून बापाकडे पाहिलं. मग बापाच्या कानावरची पेन्सिल काढली आणि एक नंबरपुढे स्वतःच लिहिलं. नंतर मी ते वाचलं : 'क्र. १. दम कमी पडतो. नऊ पुरे. सातव्याला हात थरथरतो.' तिने कापडाचा चिमटा काढला, कापड झटकलं, आणि वही उराशी धरून निघून गेली. मास्तर उठले आणि ब्रश धुवायला गेले. गाणं दुसरंच चालू होतं.

पंचांच्या बैठकीत काय झालं ते सोमवारी पाळकसाहेबांनी दाढी करताना सांगितलं. म्हणजे फेस लावायच्या आधी सांगितलं. ते आता शहाणे झालेत. वही मोठ्याने वाचली गेली. दातांच्या डॉक्टरला पंच हसले, शिक्षकाच्या गुणांवर दोघांचं भांडण झालं, आणि सगळ्यात वयस्कर पंच, ज्यांचा विरोध सगळ्यात कडक, ते म्हणाले की ज्या पोरांनी स्वतःची एवढी निंदा स्वतःहून आणून वाचून दाखवली त्यांना खोली न देण्याची मला लाज वाटते. मग त्यांनी सातवं गाणं लावायला सांगितलं आणि संपल्यावर पुन्हा एकदा लावायला सांगितलं. खोली बँडकडे राहिली, सहा महिन्यांच्या बोलीवर. शिवणवर्गाला मंगळवार सोडून बाकीचे दिवस मिळाले, आणि त्या बायकांनी ड्रमसाठी कापूस भरलेलं जाड पांघरूण शिवून दिलं. प्रेमाने की सूड म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून दुकानात एक नियम झालाय. दाढी चालू असताना कुणी कुणाला मत विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर वस्तरा आधी ड्रॉवरमध्ये जातो.

तीन महिन्यांत माझी मिशी परत आली. दोन्ही बाजूंनी, सारखी, पूर्वीपेक्षा थोडी दाटच, असं माझं मत. घरी यावर मतभेद आहेत. गेल्या शनिवारी दाढी झाल्यावर मी खुर्चीतून उठलोच नाही. म्हटलं, आता या दुकानात खरं बोलायची रीत पडली आहे, तर आपणही फायदा घ्यावा.

"मास्तर," मी म्हटलं, "वस्तरा ठेवा आत. आणि खरं सांगा. मिशी कशी दिसते?"

मास्तरांनी वस्तरा मिटून ड्रॉवरमध्ये ठेवला. माझी हनुवटी दोन बोटांनी धरून डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आरशात बघितली, आणि म्हणाले,

"गेली होती तेच बरं होतं."